एकवीस वर्षांचा डबा

५ मार्च २००७, सोमवार. अमरावती

धुळवडीच्या सुट्टीनंतर ऑफिस उघडलं ते मुंबईच्या पत्रानं. डायव्हर्सिटी अँड इन्क्लूजन. पियुष साहेबांनी मराठीत समजावलं: विविधता आणि समावेशन. साहेब सत्तावीस वर्षांचे, पुण्याचे, आमचे ऑफिसप्रमुख. मी चोपन्नचा. मी त्यांना साहेब म्हणतो, ते मला काका.

तर जात, धर्म, भाषा, बाई-पुरुष, कशावरूनही कोणाला 'आपण इथले नाही' असं वाटू नये म्हणून एप्रिलमध्ये फर्मच्या देशभरच्या ऑफिसांत सप्ताह आहे. प्रत्येक ऑफिसनं आपली एक खरी गोष्ट लिहून पाठवायची. निवडलेल्या गोष्टीचं पोस्टर होणार आणि ते दिल्ली-चेन्नईच्या ऑफिसांत लागणार.

मी म्हटलं, "साहेब, हे सप्ताह तुमच्याकडच्यांना लागतात. मूर्तिजापूरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मी आणि बद्रुद्दीन एकवीस वर्षं एका डब्यात जेवलो. सप्ताह कोणी पाळला नाही."

साहेब खुर्चीत सरळ बसले. "काका, हीच गोष्ट. तुम्हीच लिहा." मग जाता जाता म्हणाले की निवड झाली तर माझ्या कॉन्ट्रॅक्टचंही मुंबईला बोलता येईल. ते मे महिन्यात संपतं. तसं ते बोलले नसते तरी मी लिहिलीच असती. बद्रूचं नाव निघालं की माझा हात थांबत नाही.

८ मार्च, गुरुवार

दर्यापूर तालुक्याचे फॉर्म आले, तीन पेट्या. हिशेबतपासणी आणि सल्ला हे आमच्या फर्मचं मूळ काम, पण सध्या सरकारनं घरोघरची पाहणी दिली आहे. काय पेरलं, काय निघालं, घरात कोण राहिलं. ते फॉर्म संगणकावर चढवते अमरीन. नोव्हेंबरात लागली, रोज बडनेऱ्याहून येते. कामात चूक नाही, पण फार अबोल. दुपारी एकला आम्ही सगळे जेवणाच्या खोलीत जमतो आणि ही डबा घेऊन गच्चीच्या जिन्यात जाऊन बसते. दिवसभर त्या घरांचं वाचायचं, कुठे कर्ता गेला, कुठे पोरगी शाळेतून काढली. त्यानंतर एकटं बसावंसं वाटत असेल. मी हाक मारून तिला अवघडवत नाही.

जेवणाची खोली मात्र मी देवघरासारखी ठेवली आहे. ऑफिस सुरू झालं त्याच महिन्यात पाटी टाइप केली, भोवती फुलांची बॉर्डर टाकली, लॅमिनेट करून लावली: "येथे कृपया फक्त शाकाहारी जेवण आणावे." वास नाही, वाद नाही. सगळ्यांच्या सोयीचं.

११ मार्च, रविवार

आज गोष्ट लिहून झाली. सहा पानं. साहेबांनी एक सांगितलं होतं, पण कुठे कापू?

१९७९ साली मी जिनिंगच्या वजनकाट्यावर कारकून लागलो, बद्रू फिटर. हंगामात कापसाच्या बैलगाड्यांची रांग पार स्टेशनपर्यंत जायची. आमचं जेवण शकुंतला रेल्वेच्या शिटीवर. ती यवतमाळकडून वेळेवर आली तर आम्ही वेळेवर जेवलो, तिला उशीर तर आम्हाला उशीर, आणि तिला उशीर रोजचाच. बद्रू मशीनखालून बाहेर यायचा तेव्हा केसांत, भुवयांत, मिशीत रुई. "आला माझा सासरा," असं मी म्हणायचो. मग रुईच्या गाठीवर चढून बसायचं आणि दोन डबे मध्ये उघडायचे. माझा हात पहिला त्याच्या डब्यात, त्याचा माझ्या.

त्याच्या डब्यात वांग्याची भाजी. वांगं म्हणजे त्याचा जीव की प्राण. नाहीतर तुरीचं वरण, जवसाची चटणी, ज्वारीची भाकरी. नसीमबानो भाभीच्या हाताला चवच तशी. मटणमांस त्याला आवडायचंच नाही. बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा डब्यात साधं वरण असायचं. आमच्या माळकरी घरात जन्मायचा तो चुकून तिकडे जन्मला, असं मी चारचौघांत सांगायचो. तो नुसता हसायचा.

एकदाच, अगदी पहिल्या वर्षी, त्याच्या डब्यात भलतंच काही आलं होतं. मी एक शब्द बोललो नाही. माझा डबा उचलला आणि काट्याच्या खोलीत जाऊन जेवलो. तीन दिवस तसंच. चौथ्या दिवशी तो स्वतःच आला, डब्यात वांगं होतं. विषय संपला. मीही मोठ्या मनानं विसरून गेलो. एवढं गोष्टीत घातलं नाही. जुनं उकरून काय मिळवायचं?

२००० साली जिनिंग बंद झालं. मशिनी भंगारात निघाल्या. शेवटच्या दिवशी बसायला गाठ नव्हती, म्हणून फरशीवर बसून जेवलो. तो अकोल्याला गेला, मी इकडे आलो. सात वर्षं भेट नाही. दोन तासांचं अंतर आणि सात वर्षं. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहून गेलं. लिहिताना डोळे भरून आले, ते बायकोनं, सुभद्रेनं पाहिलं. "चहा ठेवू काय?" एवढंच म्हणाली.

२२ मार्च, गुरुवार

निवड झाली! मुंबईच्या रागिणी मॅडमचा फोन. सप्ताहाचं सगळं काम त्यांच्याकडे आहे. पोस्टरचं नाव ठरलं, "दोन मित्र, एक डबा". वीस एप्रिलला त्या स्वतः फोटोग्राफर घेऊन येणार आणि बद्रुद्दीनला बोलावून आमचा फोटो काढणार. एक डबा, दोन हात. ऑफिसात पेढे वाटले. अमरीननं पेढा घेतला आणि म्हणाली, "काका, तुमचे मित्र रोज भाजीच आणायचे?" म्हटलं, रोज. ती "अच्छा" म्हणाली आणि फॉर्मकडे वळली.

माझ्याकडे बद्रूचा फोननंबरसुद्धा नाही. रविवारी अकोला गाठतो.

२५ मार्च, रविवार

हे आजच लिहितो. उद्या लिहिलं तर मी त्यातलं काही गाळीन.

पॅसेंजर मूर्तिजापूरला थांबली तेव्हा खिडकीतून जिनिंगची बाजू शोधली. तिथे मंगल कार्यालय झालंय. अकोल्यात ताजनापेठेत दोन-तीन ठिकाणी विचारलं, "जिनिंगवाले बद्रुभाई?" तिसऱ्यानं कूलरच्या दुकानाकडे बोट केलं. बाहेर ओल्या खसचा वास, मागे घर. बद्रू कुणाकडे कूलर बसवायला गेला होता. नसीमबानो भाभी दारात आल्या आणि मला पाहून त्यांच्या हातातला डावच निसटला.

"या अल्लाह, उत्तमभाऊ! कितीक वर्सांनी! बसा, बसा."

आतून मटणाचा वास येत होता. मी रुमाल नाकाशी नेला असेल. मला आठवत नाही, पण त्यांनी पाहिलं. "तुमी पाच मिनिटं बाहेर हवेशीर बसा भाऊ, तुमचे भांडे काढतो," म्हणाल्या.

"माझी भांडी?"

त्या स्टुलावर चढल्या. वरच्या फळीवरून जुन्या लुगड्यात बांधलेलं एक गाठोडं खाली आलं. कढई, तवा, दोन पातेली, एक डाव, आणि तो चार पुडांचा डबा. डबा मी लगेच ओळखला. कढई कधी पाहिली नव्हती. तिच्या काठावर बाजारातल्या भांडेवाल्याकडून कोरून घेतलेलं नाव होतं. उत्तम.

"हे कायले, भाभी?"

"कायले म्हंजे? घरच्या कढईत केलं असतं तर तुमाले चाललं असतं काय? तुमी तीन दिवस काट्यावर जेवले ना, तवा यायनं मले बाजारात धाडलं. मले म्हने, नसीम, आजपासून डब्याचं अलग. पहाटे पयले हे चढत, मंग घरचं." मग अभिमानानं म्हणाल्या, "एक दिवस खाडा नाही, भाऊ. माह्या बाळंतपणात अम्मीनं केलं."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. वीस वर्षं नीट केलेलं काम माणूस दाखवतो तसं त्या दाखवत होत्या. मी जिनिंगमध्ये कापसाच्या गाडीत वजन वाढवायला किलोभर पाणी मारलं असलं तरी हातानं ओळखायचो. आणि हे मला एकवीस वर्षांत ओळखता आलं नाही.

बद्रू आला. केस पांढरे झालेत, आता रुईशिवायच. मिठी मारली, पाठीवर तीन थापा, पहिल्यासारख्याच. मग त्याची नजर कढईवर गेली आणि त्यानं भाभीकडे पाहिलं. भाभी आत गेल्या.

मी विचारलं, "बद्रू, तुले मटण आवडत नोतं ना?"

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "अबे, थे तुनंच ठरवलं. मी फक्त नाही म्हनलो नाही."

"आणि वांगं?"

"वांगं!" त्यानं हात जोडले. "एकवीस वर्सं खाल्लं बावा. आता बाजारात वांग्याचा ठेला दिसला तर मी रस्ता बदलतो."

"मंग काहून केलं एवढं? सांगाचं होतं मले."

तो पान्यानं कूलरच्या मोटरचा नट फिरवत राहिला, घट्ट होता तरी. मग म्हणाला, "त्या तीन दिवसांत मी गाठीवर एकटा जेवलो. मले एकट्यानं जेवाले जमत नाही. तुले माहीत हाये."

मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं, तो माझ्यावरच्या प्रेमानं माझ्यासारखा झाला आहे.

भाभींनी माझ्या नावाच्या कढईत वांगं केलं. मी जेवलो. कसं लागलं ते सांगता येत नाही. पोस्टरचं बोललोच नाही. दुकानाचा नंबर तेवढा लिहून घेतला.

२७ मार्च, मंगळवार

काही नाही. डोकं दुखतं.

२९ मार्च, गुरुवार

शेवटी सुभद्रेला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही.

"तुले माहीत होतं?" मी विचारलं.

"नसीमभाभी मूर्तिजापूरच्या बाजारात कढई घ्याले आल्या तवा मीच संग होतो. तुमचं नाव कोराचं मीच सांगतलं, घरच्यांत मिसळू नये म्हून."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"सांगून काय झालं असतं? तुमी पुन्हा काट्यावर जाऊन बसले असते." मग खडा फेकून म्हणाली, "सगळ्या जिनिंगले माहीत होतं. तुमाले सोडून."

मला आधी राग आला. नंतर कळलं, राग करायला माझ्या बाजूनं कोणी उरलेलं नाही.

गोष्ट मुंबईला गेलेली आहे. तिच्यात एक वाक्यही खोटं नाही. एका डब्यात जेवलो हे खरंच आहे. तशीच राहू दिली तर पोस्टर लागेल, कॉन्ट्रॅक्ट होईल, बद्रूलाही मान मिळेल. आणि तो येऊन, फोटोसाठी वांग्यात हात घालून, पुन्हा हसेल. माझ्यासाठी. विचारलं तर नक्की येईल, हेच नको वाटतं.

४ एप्रिल, बुधवार

आज एक वाजता माझा डबा घेऊन गच्चीच्या जिन्यात गेलो. अमरीन दचकून उभी राहिली, डब्यावर झाकण ठेवलं. म्हटलं, बस बेटा. तीन पायऱ्या सोडून मी बसलो.

"तू इथे का बसतेस?"

"हवा छान असते काका." एप्रिलात, अमरावतीला, पत्र्याखालच्या जिन्यात!

मी माझा डबा उघडला, तेव्हा हळूच म्हणाली, "अम्मीला सकाळी दोन दोन प्रकार करायला जमत नाही. कधी अंडं असतं, कधी खिमा. खाली पाटी आहे ना."

"ती मी लावली."

"माहीत आहे. बॉर्डर छान आहे."

चेष्टा होती की नाही, कळलं नाही. पाच महिने ही पोर या भट्टीत जेवते आणि मी तिच्यासाठी दर्यापूरच्या फॉर्मांचं कारण शोधून ठेवलं होतं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर पाटी काढली. खरं लिहायचं तर मला तो वास आजही सोसत नाही. उद्या खिडकीजवळची खुर्ची घेईन. जेवणाच्या खोलीला खिडकी आहे. जिन्याला नाही.

९ एप्रिल, सोमवार

बद्रूला दुकानात फोन केला. सगळं सांगितलं; गोष्ट, पोस्टर, वीस तारीख. म्हटलं, मी अर्धीच गोष्ट लिहिली होती, उरलेली तुझ्यासमोर सांगायची आहे. येशील का?

"कूलरचा सीझन हाये बे," म्हणाला. मग, "येतो. नसीम डबा देईल, तुह्याच भांड्यात."

"नको. घरच्या कढईतलं आण. जे तुमी खाता थेच."

"तुले उलटी होईल," तो म्हणाला.

"होऊ दे."

"काहून एवढा हट्ट?"

मला फोनवर नीट सांगता आलं नाही. म्हटलं, मलाही एकट्यानं जेवायला जमत नाही आजकाल. आता येतो की नाही ते न सांगता त्यानं फोन ठेवला.

१६ एप्रिल, सोमवार

पाटी काढल्याबद्दल दोघांनी साहेबांकडे तक्रार केली. साहेब मला म्हणाले, "काका, सप्ताहाच्या तोंडावर कशाला?" मी म्हटलं, सप्ताह आहे म्हणूनच. त्यांना पटलं की नाही माहीत नाही, पण पाटी परत लागली नाही. अमरीन अजून जिन्यातच बसते. तिला म्हटलं, खाली चल. म्हणाली, बघते काका.

बद्रूचा फोन नाही.

२० एप्रिल, शुक्रवार

अकराची पॅसेंजर येऊन गेली तरी बद्रू आला नाही. रागिणी मॅडम आल्या, फोटोग्राफर आला, जेवणाच्या खोलीत दिवे लागले, टेबलावर पांढरी चादर. एक वाजला. साहेब घड्याळ पाहत होते. मी दाराकडे पाहत होतो.

सव्वा एकला तो आला, इस्त्रीचा झब्बा, बोटांना मात्र ग्रीस. "वाटेत एकाचा कूलर बंद पडला होता," म्हणाला. त्याच्या हातात डबा होता. चार पुडांचा नव्हे. दुसराच, बुटका, झाकण चेपलेलं, मी कधी न पाहिलेला. त्याच्या घरचा.

फोटोग्राफरनं आम्हाला शेजारी बसवलं. "एकच डबा मध्ये, दोघांचे हात आत." मी म्हटलं, थांबा. उभा राहिलो आणि सगळ्या ऑफिससमोर सांगितलं. तीन दिवस काट्याच्या खोलीत जेवलो ते, कढई, वरची फळी, बाळंतपण. पाटीचंही. बद्रू चादरीची सुरकुती बोटानं सारखी करत होता. शेवटी म्हणाला, "झालं काय? भूक लागली बावा."

रागिणी मॅडम चांगल्या बाई आहेत. त्यांनी चष्मा पुसला. पण म्हणाल्या की "एक डबा" या नावाला आता हा फोटो बसणार नाही, मुंबईला विचारावं लागेल. पोस्टर दुसऱ्या ऑफिसच्या गोष्टीचं होणार हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं. साहेबांनी कॉन्ट्रॅक्टचा विषय काढला नाही, मीही नाही.

दिवे बंद झाले. दारात अमरीन डबा घेऊन उभी होती. बद्रूनं तिला पाहिलं आणि खुर्ची ओढली, "ये बेटी, बस." ती बसली.

त्यानं झाकण काढलं. मेथी घातलेला खिमा. वास सगळ्या खोलीत पसरला. मी खिडकीजवळची खुर्ची घेतली नाही. माझ्याच डब्यातला पहिला घास कसाबसा गेला. दुसरा बरा गेला. त्यानं त्याचं खाल्लं, मी माझं. अठ्ठावीस वर्षांच्या ओळखीत आज पहिल्यांदा शेजारी बसूनही आम्ही एकमेकांच्या डब्यात हात घातला नाही.

तो आवडीनं खात होता. बोटं चाटत होता. त्याला असं जेवताना मी कधी पाहिलंच नव्हतं, आणि मी पाहत राहिलो.

अर्ध्यात त्यानं मान तिरकी करून माझ्या डब्यात पाहिलं.

"वांगं सुभद्राभाभीनं केलं काय?"

"हो."

"दे मंग थोडंसं."

एकवीस वर्षांत त्यानं कधी मागितलं नव्हतं. मी झाकणावर वाढलं आणि त्याच्यापुढे सरकवलं.